तापल्या खडकांचे वय

कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात जॉब चार्नॉकची कबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा माणूस १६९३ साली वारला. त्याच्या थडग्यावर काळपट, तेलकट झाक असलेली एक शिळा बसवली गेली. ती आली होती मद्रासजवळच्या पल्लावरमच्या टेकड्यांतून. पुढे दोनशे वर्षांनी, १८९३ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या थॉमस हॉलंडने या जातीच्या खडकाला त्या मृताचेच नाव दिले आणि चार्नोकाइट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. शिळेवर कोरलेली तारीख काय सांगते याबद्दल वाद नाही: त्या दिवशी एक माणूस मेला. शिळेच्या स्वतःच्या तारखेचे तसे नाही. चेन्नईच्या परिसरातल्या चार्नोकाइटमधले झिरकॉन या खनिजाचे कण सुमारे २५० कोटी वर्षांचा आकडा देतात. पण २५० कोटी वर्षांपूर्वी नेमके काय झाले? शिलारस थिजला, की थिजलेला खडक जमिनीखाली पुन्हा भाजला गेला, की भाजलेला खडक निवू लागला? आकडा आहे, त्याला क्रियापद नाही.

हे पुस्तक त्या क्रियापदाच्या शोधाविषयी आहे. विषय अवघड वाटेल, पण त्याचा गाभा समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो थोडा संशय.

महाराष्ट्रातल्या वाचकाला खडकाचे वय म्हटले की आधी सह्याद्रीचा काळा पाषाण आठवणार. तिथे प्रश्न तुलनेने सरळ आहे. लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला. दोन लाव्हा थरांमध्ये सापडणाऱ्या ज्वालामुखी राखेत झिरकॉनचे बारीक कण असतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा कणांवरून दख्खनच्या मुख्य उद्रेकांची सुरुवात आणि त्यांचा कालावधी ठरवला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची घटना, आणि मोजणीतली अनिश्चितता काही दहा हजार वर्षांची. त्या झिरकॉनच्या आयुष्यात सांगण्यासारखे थोडेच घडलेले असते: शिलारसात जन्म, स्फोटात बाहेर फेकले जाणे आणि मग स्वस्थ पडून राहणे. अशा कणाचे वय विचारले की तो एकच उत्तर देतो.

या पुस्तकातले खडक स्वस्थ पडून राहिलेले नाहीत. भूकवचात पंचवीस-तीस किलोमीटर खोल, आठशे-नऊशे अंश सेल्सिअसला ते शिजले. काही ठिकाणी तापमान हजार अंशांच्याही वर गेले. अशा उष्णतेत चिखलाचा मूळ दगड अंशतः वितळतो, वितळलेला भाग वर निघून जातो आणि मागे गार्नेट, सिलिमनाइट, पायरॉक्सीन यांचा कोरडा, जड सांगाडा उरतो. भूवैज्ञानिक त्याला ग्रॅन्युलाइट म्हणतात. कवचाच्या सामान्य खोलीवर तापमान ९०० अंशांच्या पुढे गेले तर ‘अतिउच्च तापमानाचे रूपांतरण’ हे वेगळे नाव वापरतात. त्याची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे सॅफिरीन नावाचे निळसर खनिज क्वार्ट्‌झला चिकटून बसलेले दिसणे. अंटार्क्टिकाच्या एन्डरबी लँडमधून १९६८ मध्ये ही जोडी प्रथम नोंदवली गेली, तेव्हा अनेकांना पृथ्वीचे कवच इतके तापू शकते यावरच विश्वास ठेवणे जड गेले. आज अशी ठिकाणे जगभर माहीत आहेत. आपल्याकडे पूर्व घाटात आहेत, मदुराईच्या आसपास आहेत, आणि, मराठी वाचकाला कदाचित नवल वाटेल, भंडारा जिल्ह्यापासून बालाघाटकडे जाणाऱ्या पट्ट्यातही आहेत.

आता मोजणीकडे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि त्यातून शेवटी शिसे-२०६ उरते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे आणि शेवटी शिसे-२०७. झिरकॉनचे स्फटिक वाढताना युरेनियमला आत घेतात, शिशाला मात्र जवळपास दारातूनच परत पाठवतात. म्हणून आज त्यांच्यात जे शिसे सापडते ते बहुतेक सगळे तिथेच तयार झालेले असते. दोन्ही युरेनियम एकाच कणात, पण दोघांचा क्षयाचा वेग निराळा. त्यामुळे एकाच कणातून दोन स्वतंत्र वये मिळतात आणि ती जुळतात का हे तपासता येते. जॉर्ज वेदरिलने १९५६ मध्ये या तपासणीला आलेखाचे रूप दिले. दोन्ही वये जुळणारे सगळे बिंदू त्या आलेखावर एका वक्ररेषेवर येतात. बिंदू वक्रावरून घसरला तर समजायचे की मधल्या काळात शिसे कुठेतरी गळाले. इतकी चोख आत्मपरीक्षा दुसरी कुठलीच पद्धत करत नाही, आणि झिरकॉनवर भूवैज्ञानिकांचा जीव जडला तो याचमुळे.

उष्णता हा हिशेब दोन उलट बाजूंनी बिघडवते. बहुतेक खनिजे तापल्यावर सगळे विसरतात. झिरकॉन विसरत नाही, तो नको तितके लक्षात ठेवतो.

आधी विसरणारी खनिजे पाहू. पुरेशा तापमानाला स्फटिकातले अणू जागच्या जागी राहत नाहीत, हळूहळू सरकतात, कडेपर्यंत पोचतात आणि बाहेर पडतात. क्षयातून तयार झालेला अणू असा निसटत राहिला तर वय शून्यावरच राहते. खडक निवत आला की सरकणे मंदावते आणि एका टप्प्यानंतर जवळजवळ थांबते. साखरेच्या गरम पाकात टाकलेला रंग पसरत राहतो, पाक घट्ट झाला की जिथे असेल तिथेच अडकतो, तसेच हे. मार्टिन डॉडसनने १९७३ मध्ये या टप्प्याचे गणित मांडले आणि ‘बंद होण्याचे तापमान’ ही कल्पना रूढ झाली. कृष्णाभ्रकात, म्हणजे बायोटाइटमध्ये, आर्गॉन साधारण ३०० अंशांच्या आसपास अडकतो, हॉर्नब्लेंडमध्ये ५०० च्या आसपास. गार्नेटमधली समॅरियम-निओडिमियमची जोडी त्याहून बऱ्याच वर, पण कणाचा आकार आणि निवण्याचा वेग यांवर ती इतकी अवलंबून की एकच आकडा सांगणे धाडसाचे. हजार अंशांना शिजलेल्या खडकातल्या बायोटाइटचे वय मोजले, तर कळते ते एवढेच की हा खडक ३०० अंशांखाली केव्हा आला. शिजण्याची गोष्ट त्याच्या कोट्यवधी वर्षे आधी घडून गेलेली असते.

आकडा खोटा नाही; तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तरीही गेल्या शतकातल्या कित्येक नकाशांवर अशी निवण्याची वये ‘रूपांतरणाचे वय’ म्हणून छापली गेली. पूर्ण खडकाचे तुकडे घेऊन रुबिडियम-स्ट्रॉन्शियमची सरळ रेषा काढायची पद्धत तर ग्रॅन्युलाइटच्या बाबतीत मुळातच लंगडी होती. वितळलेला रस वर जाताना रुबिडियम बरोबर घेऊन जातो. मागे राहिलेल्या तुकड्यांत रुबिडियम इतके कमी आणि इतके सारखे उरते की रेषेला धरायला दोन टोकेच मिळत नाहीत. शिवाय दोन वेगळ्या उगमांचे पदार्थ कमी-जास्त मिसळले तरी सुरेख सरळ रेषा येते, आणि तिच्या उतारावरून काढलेल्या वयाला काहीच अर्थ नसतो. जुन्या शोधनिबंधांतल्या अशा रेषा पाहताना माझा हात आपसूक खिशातल्या भिंगाकडे जातो.

डॉडसनच्या गणितालाही मर्यादा आहे, आणि ती पाठ्यपुस्तके फार हळू आवाजात सांगतात. ते गणित धरून चालते की अणू केवळ उष्णतेने सरकतात. प्रत्यक्षात खडकात पाणी शिरते, खनिजांची आपसात अभिक्रिया होते, जुना स्फटिक कडेपासून विरघळून नवा होतो. अशा वेळी वय पुसले जाते ते तापमानामुळे नव्हे, तर स्फटिकच नवा झाला म्हणून. काही अभ्यासकांच्या मते निसर्गातली बहुतेक ‘पुसलेली’ वये अशीच असतात. माझा कल त्यांच्याकडे आहे. निदान अभ्रकाच्या बाबतीत तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय केवळ तापमानाची कोष्टके वापरू नयेत.

आता झिरकॉन. निर्दोष झिरकॉनमध्ये शिसे ९०० अंशांनाही जवळपास हलत नाही, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. म्हणजे ग्रॅन्युलाइटमधल्या झिरकॉनच्या गाभ्यात मूळ ग्रॅनाइटचे, किंवा नदीच्या वाळूतून आलेल्या त्याहूनही जुन्या कणाचे वय टिकून असू शकते, आणि त्याभोवती रूपांतरणातली एक, दोन, कधी तीन वेष्टने. कणाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी. असा कण आम्लात विरघळवून सगळ्याचे एकत्र वय काढले तर सरासरी मिळते, आणि त्या सरासरीच्या दिवशी पृथ्वीवर काहीच घडलेले नसते. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत बिल कॉम्पस्टन यांच्या गटाने ‘श्रिम्प’ हे आयन-शलाकेचे यंत्र बांधले ते याच अडचणीवर. वीस-तीस मायक्रॉनच्या ठिपक्यावर शलाका रोखायची आणि गाभ्याचे वेगळे, वेष्टनाचे वेगळे वय काढायचे. कुठे रोखायची ते कणाचे इलेक्ट्रॉन-प्रकाशातले चित्र पाहून ठरवतात. त्या चित्रातले पट्टे पाहण्यात एकदा रमलेला माणूस पुन्हा कोरड्या कोष्टकांकडे वळत नाही.

पण वेष्टनाचे वय मिळाले म्हणजे क्रियापद मिळाले असे नाही. वेष्टन वाढले केव्हा, हा पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. भाबडा अंदाज असा की तापमान शिखरावर असताना नवे झिरकॉन सर्वाधिक वाढत असेल. घडते बरोबर उलट. खडक तापत जातो तसा वितळलेला रस वाढतो आणि झिरकोनियम त्या रसात विरघळते. जुने झिरकॉन झिजते. तापमान उतरू लागले, रस थिजू लागला, की झिरकोनियम बाहेर पडून नवे झिरकॉन तयार होते. म्हणजे वेष्टनाचे वय बहुधा उताराचे असते, शिखराचे नव्हे. वय मोजायला वापरल्या जाणाऱ्या मोनाझाइट या दुसऱ्या खनिजाची गत बरीचशी तशीच, वर तो द्रवाच्या संपर्कात सहज विरघळतो आणि पुन्हा वाढतो. खुद्द शिखराची नोंद कुठल्याच कणात न उरणे अगदी शक्य आहे.

मग शिखराकडे जायचे कसे? कणाची रासायनिक संगत पाहून. झिरकॉनच्या ज्या ठिपक्याचे वय काढले त्याच ठिपक्यातली जड दुर्मिळ मृदा-मूलद्रव्ये मोजतात. ती मूलद्रव्ये गार्नेट अधाशासारखी गोळा करतो. त्यामुळे वेष्टनात ती कमी असतील तर वेष्टन वाढताना शेजारी गार्नेट होता. भरपूर असतील तर गार्नेट नव्हता किंवा मोडत होता. झिरकॉनमधल्या टायटॅनियमवरून ते कोणत्या तापमानाला वाढले याचा अंदाज येतो. एडवर्ड वॉटसन आणि मार्क हॅरिसन यांनी २००५ मध्ये ही मोजपट्टी दिली. या सगळ्याला आता पेट्रोक्रोनॉलॉजी म्हणतात: वय आणि खडकाची कथा एकाच ठिपक्यात वाचणे. पद्धत उत्तम आहे, तरी तिचेही काही पढवलेले नियम आहेत. झिरकॉनमध्ये युरेनियमच्या मानाने थोरियम दशांशापेक्षा कमी असेल तर तो रूपांतरणातला, असे विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. अतिउष्ण खडकांत हा नियम सर्रास मोडतो. तिथे रूपांतरणातल्या झिरकॉनमध्येही थोरियम भरपूर असते.

निर्दोष झिरकॉनमध्ये शिसे हलत नाही, असे वर म्हटले. आता त्या विधानाचा पाया हलवणारी गोष्ट, आणि तीही एन्डरबी लँडचीच. तिथल्या नेपियर संकुलातले खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी हजार अंशांपलीकडे तापले. त्यांतल्या काही झिरकॉनच्या ठिपक्यांची वये वक्ररेषेच्या चुकीच्या बाजूला पडू लागली: युरेनियमच्या मानाने शिसे जास्तच. गळती समजू शकते, पण जास्तीचे शिसे आले कुठून? शिवाय काही ठिपके ४०० कोटी वर्षांच्या पुढचे वय दाखवत होते, आणि पृथ्वीच्या पहिल्या कवचाचा तुकडा हाती लागल्याचा मोह कुणालाही व्हावा असा तो आकडा. मोनिका कुशियाक आणि सहकाऱ्यांनी आयन-शलाकेने कणाच्या आत शिशाचे नकाशे काढले, तेव्हा शिसे ठिगळांसारखे विखुरलेले दिसले. २०१५ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिगळांतले धातुरूप शिशाचे काही नॅनोमीटर आकाराचे गोळे दाखवून दिले. तीनशे कोटी वर्षांहून जुन्या या कणांत उष्णतेपूर्वी साठलेले शिसे उष्णतेने हलले, पण बाहेर पडू शकले नाही. आतल्या आत गोळा होऊन बसले. ठिपका गोळ्यांवर पडला तर खडक फुकटचा म्हातारा, शेजारी पडला तर फुकटचा तरुण. आता प्राचीन, अतिउष्ण खडकातल्या एकट्यादुकट्या अतिवृद्ध ठिपक्यावर कुणी मोठा दावा केला, की पहिला प्रश्न गोळ्यांचा येतो.

पूर्व घाटातला पेच याहून सौम्य दिसतो आणि मला तो जास्त बोचतो. कोणार्कचे सूर्यमंदिर ज्या खोंडालाइटमध्ये बांधले आहे, तो याच पट्ट्यातला खडक: गार्नेट, सिलिमनाइट आणि ग्रॅफाइट असलेला, मुळात समुद्रतळाचा चिखल. विशाखापट्टणमच्या परिसरातून ओडिशाकडे जाणाऱ्या भागात तो हजार अंशांच्या आसपास तापला. त्यातल्या झिरकॉन आणि मोनाझाइटची वये काढली तर ती एका जागी गोळा होत नाहीत. सुमारे ११३ कोटी वर्षांपासून ९३ कोटी वर्षांपर्यंत ती वक्ररेषेवरच माळेसारखी पसरतात. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःपुरता निर्दोष, आणि सगळे मिळून वीस कोटी वर्षांचा फराटा. फॉना कोऱ्होनेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा अर्थ असा लावला की हा प्रदेश खरोखरच निदान पाच कोटी, कदाचित वीस कोटी वर्षे सतत तापलेला राहिला. दुसरे वाचन असे की उष्णतेच्या दोन वेगळ्या घटना घडल्या आणि दुसरीने पहिलीच्या कणांतले थोडे-थोडे शिसे काढून घेतले. वेदरिलचा आलेख इथे निवाडा देत नाही. कण जन्मल्यावर दहा-वीस कोटी वर्षांत शिसे गळाले तर बिंदू वक्रावरून खाली पडत नाही, वक्राच्या कडेकडेनेच सरकतो. ज्या आत्मपरीक्षेचे वर कौतुक केले ती नेमकी याच वेळी गप्प बसते.

वीस कोटी वर्षे कवच हजार अंशांजवळ ठेवायचे तर जाळ कशाचा? खालून आलेला शिलारस इतका काळ पुरत नाही, तो लवकर निवतो. त्यामुळे बरेच अभ्यासक कवचातल्याच युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमकडे बोट दाखवतात. डोंगररांगा उभारल्या जाताना कवच जाड होते, ही मूलद्रव्ये खोल गाडली जातात, झीज मंद असेल तर वरचे पांघरूण टिकते, आणि क्षयाची उष्णता कोट्यवधी वर्षे साठत राहते. ज्या क्षयावर आपण वय मोजतो तोच खडकाला शिजवतो आणि वय बिघडवतो. केरळच्या चवराच्या किनाऱ्यावरची थोरियमयुक्त वाळू ज्यांतला मोनाझाइट झिजून आली आहे, ते दक्षिणेकडचे ग्रॅन्युलाइट पाहिले की हा जाळ कागदावरचा राहत नाही. तिथला रूपांतरणाचा काळ मात्र वेगळा, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, गोंडवन खंड जुळत असतानाचा.

म्हणून पूर्व घाटातला वाद प्रयोगशाळेतला किरकोळ हिशेब नाही. एक दीर्घ उष्णता की दोन आखूड, यावर भारत आणि पूर्व अंटार्क्टिका कसे सांधले गेले याची गोष्ट बदलते. आणि इथेच अचूकतेची एक विचित्र उलटापालट दिसते. यंत्रे इतकी सुधारली की एका ठिपक्याचे वय एक-दोन टक्क्यांच्या आत मिळते, कणांचे तुकडे आम्लाने सोलून दशांश टक्क्यापर्यंतही जाता येते. पण घटना स्वतःच वीस कोटी वर्षे चालली असेल, तर आकड्यापुढे छापलेली ± ची बारीक मात्रा घटनेची रुंदी सांगत नाही, फक्त मोजणीची सांगते. पंचवीस ठिपक्यांची सरासरी काढून ‘९७.३ ± ०.४ कोटी वर्षे’ अशा थाटात वय छापणे हा माझ्या मते या शास्त्रातला सर्वांत सभ्य दिसणारा गैरवापर आहे. (हा आकडा उदाहरणापुरता, कुणाच्याही निबंधातून उचललेला नाही.)

भंडारा-बालाघाट पट्ट्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम लांब आहे. तिथल्या अतिउच्च तापमानाच्या ग्रॅन्युलाइटवर संतनु भौमिक आणि सहकाऱ्यांनी जे काम केले त्यात मोनाझाइटच्या रासायनिक वयांना मोठे स्थान आहे. या पद्धतीत समस्थानिक वेगळे मोजतच नाहीत. इलेक्ट्रॉन शलाकेने थोरियम, युरेनियम आणि एकूण शिसे मोजतात आणि सगळे शिसे क्षयातलेच आहे असे धरतात. गृहीतक धाडसी, पण मोनाझाइटमध्ये थोरियम इतके असते की ते बहुधा खपून जाते. फायदा असा की खडकाचा पातळ काप जसाच्या तसा ठेवून, कण गार्नेटच्या पोटात आहे की कडेला हे पाहत वय काढता येते. तिथे सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे अतिउष्ण रूपांतरण आणि त्यावर नंतरच्या घडामोडींचे ठसे, असे चित्र निघते. सावनेर-तुमसरकडे मँगनीजच्या खाणींसाठी ज्या पट्ट्याचे नाव घेतले जाते, त्याच्याच दक्षिण अंगाला हे खडक आहेत, आणि शाळेच्या भूगोलात त्यांचा उल्लेखही नसतो.

पुढच्या पानांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. सगळी वये कोटी वर्षांत दिली आहेत. इंग्रजी निबंध पडताळणाऱ्याने दहाने गुणले की ती दशलक्षांत येतील. आणि कुठेही नुसते वय दिलेले नाही: प्रत्येक आकड्याशेजारी खनिज, पद्धत आणि शक्य तिथे कणातली जागा लिहिली आहे. मूळ लेखकांनी ‘रूपांतरणाचे वय’ एवढेच म्हटले असेल आणि ते वय बायोटाइटचे असेल, तर मी तिथे ‘३०० अंशांखाली आल्याचे वय’ असे लिहिले आहे. संपादकांना हे वाक्य प्रत्येक वेळी लांब वाटले. मी ते आखूड करू दिले नाही.